एकाच बाजूची चूक

प्रेमलालच्या दुकानात पारदर्शक कोनमापक एकच उरला होता आणि त्याच्यावर दोन हात एकदमच पडले. एक मधुवंतीचा, ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. दुसरा समोरच्या नव्या दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरचा, अनयचा.

"आपस में निपट लो भाई," म्हणून प्रेमलाल मोकळा झाला.

"डॉक्टरले कोनमापक कायले पायजे?" मधुवंतीने हात काही काढला नाही.

"हाड खचंल का नाई, ते पाहाले."

"अगं बाई! हाड का त्रिकोण आहे?"

"या ना, दाखवतो... दहा मिनिटं."

शाळेला उशीर होत होता, पण गणिताच्या बाईला असलं काही सांगितल्यावर ती कुठली शाळेत जाते! दवाखान्यात अनयने परसवाड्याच्या एका शेतकऱ्याचा एक्स-रे उजेडापुढे धरला. खुब्याचा गोळा, आणि त्यात पाचरीसारखा वेगळाच दिसणारा तुकडा.

"इथं रक्त पोचत नाई. हाड आतून मेलं. आपल्या बालाघाटात एमआरआय कुठलं, म्हणून हे. समोरून एक फोटो, बाजूनं एक. दोन्हींत मेलेल्या भागाचा कोन मोजायचा अन् बेरीज करायची. एकशे साठच्या आत असली तर गोळा बहुतेक टिकते. दोनशेच्या वर गेली तर बहुतेक खचते."

"अन् मधात?"

"मधातलं देवालेच माहीत."

मधुवंती बघतच राहिली. चार वर्षं ती फळ्यावर दोरी धरून वर्तुळं काढत होती, तरी एक धड येत नव्हतं. आणि इथे माणसाच्या आत, कुणी न काढता, इतकं सुबक! आणि उद्याचं आज सांगणारा कोन! तिच्या अंगावर काटाच आला.

मग काय, दर शनिवारी शाळा सुटली की बाई दवाखान्यात. दोघं एकच फोटो वेगवेगळा मोजायचे आणि एकदम आकडा सांगायचे. कधी त्याचा दोनतीन अंशांनी जास्त, कधी तिचा. हरेल त्याने चहा सांगायचा. पुढे पुढे अनय मुद्दाम हरायला लागला. तिला ते कळायचं, तरी ती चहा प्यायची.

दिवाळीनंतर जिना चढताना तिच्या जांघेत कळ यायला लागली. तिने हसण्यावारी नेलं, त्याने नेलं नाही. त्याने दोन्ही फोटो काढले आणि तिचा दमा वाढला होता तेव्हा तिने महिनोन्महिने खाल्लेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांचं विचारलं, त्यांनीही हाडाचं रक्त तुटतं. तिने हो म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. पण मोजून म्हणाला, "एकशे बावन. घाबराचं काम नाई. ऑपरेशनसाठी नागपूरले जायची गरज नाई."

"मी मोजू?"

"सोताचं सोता मोजत नसतात."

पुढच्या खेपेला त्याने तेच फोटो मोजले, एकशे अठ्ठेचाळीस. त्याच्या पुढच्या खेपेला एकशे पंचावन्न. कळ मात्र वाढतच होती.

एका शनिवारी तो पेशंटला प्लास्टर घालायला आत गेला आणि बाईंनी कपाटातून आपले फोटो बाहेर काढून मोजले. बेरीज एकशे शहाऐंशी आली. पुन्हा मोजलं, एकशे चौऱ्याऐंशी. चार वेळा मोजलं, एकदाही एकशे ऐंशीच्या खाली नाही. आधी भीती वाटली, मग अशी चीड आली की काय सांगावं! आणि त्या चिडीखाली काहीतरी हळूच उमगलं, तशी ती खुर्चीवर बसूनच राहिली.

अनय हात पुसत बाहेर आला.

"बाकीच्या पेशंटच्या टाइमले तुमी कधी वर चुकले, कधी खाली," ती म्हणाली. "खरी चूक दोन्हीकडे होते, डॉक्टर. माह्या टाइमले तुमी तीनदा चुकले, अन् तिन्ही डाव खालीच. काहून?"

तो फोटोजवळ गेला. तिच्यासमोर मोजलं, एकशे पंच्याऐंशी.

"मी लबाडी नाई केली... खरंच सांगतो. मले तसंच दिसलं."

"हौ. हेच तर म्हणून राह्यले मी."

खोट्याहून हे मोठं होतं. शिकलेल्या, सराईत माणसाचा डोळा कुणासाठी एवढा वाकतो! आणि ते कुणीतरी आपण! तिला भरून आलं.

"नागपूरले माह्या सरांकडे जा," तो चिठ्ठी लिहीत म्हणाला. "हाडाले भोक पाडून आतला दाब कमी करतात. गोळा खचाच्या आधीच करा लागते. माह्यापायी दोन महिने गेले तुमचे... आजपासून मी तुमचा डॉक्टर नाई."

"मंग कोण?"

त्याने चिठ्ठीखाली सही केली.

"बरं, हे तरी सांगा. खचंल का?"

त्याने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "मले नाई माहीत, मधुवंती."

पहिल्यांदाच त्याने नाव घेतलं होतं, आणि पहिल्यांदाच तिला त्याचं उत्तर पटलं होतं.

"खचला तर?"

"तर हळू चालू. दोघंही."

"अन् नाई खचला तर?"

"तरी हळूच चालू... मले कुठं जाची घाई आहे?"

तिने चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली, पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "सोमवारी सकाळच्या बसनं निघते. दोन तिकिटं काढा."