तिन्ही वेळा पन्नास

"तिन्ही वेळा पन्नास?" ताईंनी वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्याच्या नोटिसा पुन्हा चाळल्या. आधी गणित शिकवायच्या. आता खाजगी तपास करायच्या.

समोर शाळेच्या बसचा चालक अवघडून बसला होता. "हो. हद्द चाळीसची. उद्या सुनावणी आहे. परवाना गेला तर वीस वर्षांची नोकरी गेली. पण माझी बस चाळीसच्या वर पळतच नाही, ताई. तसं यंत्र बसवलंय, वर सील आहे."

"सील तोडलं असेल," भाऊ म्हणाला. ताईंचा हा धाकटा भाऊ प्रत्येक तपासात सोबत असायचा, बहुधा एक पाऊल मागे.

गॅरेजमध्ये सील शाबूत होतं. "तुम्हीच चालवून बघा," मेकॅनिक भाऊला म्हणाला. "पाय दुखेल, काटा चाळीसच्या पुढे हलणार नाही."

मग दोघं कॅमेऱ्याच्या कचेरीत गेले. तिथला फिटर टेपने टेबल मोजत होता. "एकशे चाळीस," तो पुटपुटला आणि वहीत एकशे वीस लिहिलं. याचं गणित कच्चं, भाऊला वाटलं.

"कॅमेरा वेग कसा ओळखतो?" ताईंनी विचारलं.

"रस्त्यात मीटरभर अंतराने दोन पट्ट्या असतात. चाक एकीवरून दुसरीवर किती वेळात गेलं, त्यावरून."

"तुम्हीच बसवल्या?"

"यंदा नाही. बायको दवाखान्यात होती. साहेबांनी माझीच हत्यारांची पेटी नेऊन बसवल्या."

साहेबांनी त्यांना स्वतःच्या गाडीतून जागा दाखवायला नेलं. "यंत्राला ना नातं ना गोतं. गेल्या वर्षी याच शाळेसमोर एक मुलगी गेली. कॅमेरा जीव वाचवतो."

"लोक म्हणतात, तिजोरी भरतो," भाऊ म्हणाला.

"पकडले गेले की सगळे तेच म्हणतात."

कॅमेरा आला तसा गाडीचा काटा तीसवर उतरला. मागच्याने वैतागून हॉर्न वाजवला.

दुसऱ्या दिवशी सुनावणीत ताईंनी फिटरची टेप अधिकाऱ्यांसमोर उलगडली.

"हिचे पहिले वीस सेंटीमीटर तुटलेत. फिटरला ठाऊक आहे, म्हणून तो एकशे चाळीस वाचून एकशे वीस लिहितो. साहेबांना ठाऊक नव्हतं. त्यांनी शंभर वाचले, अंतर पडलं ऐंशी. चाक लवकर पोचतं, यंत्र समजतं मीटरभर आलं. चाळीसची बस पन्नासची दिसते. चोरून पळवणाऱ्याचा आकडा कमीजास्त होतो. हा तिन्ही वेळा तोच."

अधिकाऱ्यांनी माणूस पाठवून पट्ट्यांमधलं अंतर मोजून घेतलं. ऐंशीच.

"चूक झाली," साहेब म्हणाले.

"चूक पहिल्या दिवशीची. मग काल चाळीसच्या रस्त्यावर तुम्ही नेमके कॅमेऱ्यापाशी तीसवर का आलात?"

 

"कळलं होतं मला," साहेब हळूच म्हणाले. "पण दंड वाढला, वरचे खूश झाले. आणि गाड्या हळू झाल्या. त्या मुलीनंतर तिथे एकही अपघात नाही. हे खोटं आहे का?"

"खरं आहे," ताई म्हणाल्या. "मग पाटीवर तीस लिहा. ज्याला नियमच सांगितला नाही, त्याला शिक्षा कसली करता?"

अधिकाऱ्यांनी नोटिसा फाडल्या आणि परवाना पुढे सरकवला. चालकाने तो खिशात घातला, पण उठला नाही.

"तीसच लिहा, साहेब," तो म्हणाला. "ती मुलगी माझ्याच बसने यायची."