ऐनाचा चौथा ओंडका

२०२२ चा ऑगस्ट. सोमवार, दुपारचे तीन. नाकाडोंगरीजवळची एक टेकडी. खोटं रचून सांगायचं माझं आता वय नाही. ज्या धुरपताच्या घरी हे घडलं, ती माझी सख्खी नणंद.

टेकडीवर तिचं एकटंच घर. उतरायला एकच रस्ता, उभ्या चढाचा, मुरूम-गिट्टीचा. तिचा नवरा बुधराम दर पावसाळ्याआधी कडेची नाली उपसायचा. तीन वळणांवर त्यानं रस्त्यातच ऐनाचे तीन ओंडके तिरपे पुरले होते. पाणी त्यांना अडून नालीत वळायचं. मुरूम जागेवर राहायचा.

बुधराम अंथरुणाला खिळला, आणि त्याच्या लेकानं, भोजराजनं, ते ओंडके उपटले.

"माय, जीपले धक्के बसतेत."

"मंग तुहा बाप येडा होता का, ठेवाले?"

मे महिन्यात बुधराम गेला. वाळलेलं लाकूड म्हणून तेच ओंडके त्याच्या सरणावर गेले.

नाली कोणी उपसलीच नाही.

त्या दुपारी घरात फक्त धुरपता आणि चार वर्षांची नात गुड्डी. भोजराज बायकोला घेऊन तुमसरला गेलेला. पाऊस असा, की रस्त्याचा नाला झाला. गिट्टी गडगडत खाली चालली. मागे उभा कडा, पुढे पाणी... अंगण ढासळत पायरीपर्यंत आलं.

फोन लागेना.

धुरपतानं गुड्डीला कडेवर घेतलं. पण जायचं कुठं?

तेव्हा तो आवाज आला.

खर्र... खर्र...

फावडं. ओल्या गिट्टीत.

"आजी, कोण खोदून राहिला?"

"कोणी नाही वं. चूप बस."

आवाज पहिल्या वळणावर थांबला...

धप्प.

काहीतरी जड पडलं. मग दुसऱ्या वळणावर. मग तिसऱ्या.

पायरीखालचं पाणी ओसरलं. पाऊस मात्र तसाच कोसळत होता.

उघडीप झाल्यावर ती खाली उतरली. नाली साफ उपसलेली. तिन्ही वळणांवर ओंडके तिरपे पुरलेले. चिखलात एकही पाऊल नाही.

ओंडक्यांची टोकं... जळलेली होती.

भोजराजनं जीप विकली. बायको-पोरीला घेऊन तो खाली गावात राहतो. गुड्डी शाळेत जाते. तिला त्या दुपारचं काही आठवत नाही. धुरपता मात्र टेकडी सोडत नाही.

"वहिनी, मी उतरली तं त्याईले कोण सांगन, का आता पुरे?"

गेल्या पावसाळ्यात मी तिच्याकडे राहून आले.

ओंडके आता चार आहेत.

चौथा तिच्या पायरीशी आहे. तो कोणी पुरला, ती सांगत नाही.

त्याचं टोक अजून जळलेलं नाही.