न उडालेला बार

आर्वीच्या ताराचंद अडत्याकडे रिव्हॉल्व्हर होतं ते स्वसंरक्षणासाठी, असं परवान्यावर म्हटलेलं होतं. ताराचंदवर हल्ला करावा असं आजवर कुणाच्या मनात आलं नव्हतं. त्याच्याबद्दल तेवढा उत्साह गावात कुणालाच नव्हता. शस्त्राचे उपयोग दोन. लग्नात कोट जरा मागे सारून ते दाखवायचं आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायचं. त्यामुळे ठाण्यात त्याचा मुक्काम एखाद्या सराईत चोरापेक्षा जास्त झाला होता.

पोळ्याच्या आधी तो पुलगावला आला होता. नाचणगावच्या रस्त्यावर प्रफुल्ल वैरागडेचं शस्त्रदुरुस्तीचं दुकान आहे, रीतसर परवान्याचं. ताराचंदच्या बोटाचं पेर सुजलेलं आणि ट्रिगर जड. प्रफुल्लनं आतले भाग घासूनपुसून गुळगुळीत केले, ठोक्याची स्प्रिंग बदलून नरम घातली. ट्रिगर हलका झाला. गिऱ्हाईक खूश.

ते गिऱ्हाईक आता कापसाच्या ऐन हंगामात परत आलं, तेव्हाच प्रफुल्लला कळायला हवं होतं. या दिवसांत अडत्या आपलं दुकान सोडत नाही.

"प्रफुल्लभाऊ, ट्रिगर तुमी लोण्यासारखा केला. पण बार उडून नाई राह्यला."

"कुठं उडवलात?"

ताराचंदनं आपल्या चपलांकडे पाहिलं. "घरी. पुसून राह्यलो होतो. मले वाटलं, खाली हाय. शोभा समोर सुपात तूर घेऊन बसली होती. बोट लागलं अन् टक् झालं. आत काडतूस होतं." मग तो हसला. "फुसकं निघालं म्हणून बरं. नाई तर तुमाले तेरवीचं जेवण लागलं असतं."

प्रफुल्ल हसला नाही. ट्रिगर हलका केला नसता तर बोट लागून दाबला गेला नसता, आणि स्प्रिंग नरम केली नसती तर बार उडालाच असता. एकाच कामानं शोभाबाईला मारता मारता वाचवलं होतं. याचा दोष घ्यावा की श्रेय, हे त्याला ठरवता येईना.

"वहिनी बऱ्या आहेत ना?"

"तिले काय होते? दिवसभर मलेच बोलते."

प्रफुल्लनं ते काडतूस पाहिलं. बुडाच्या टोपीवर, ठोका बसतो तिथं, उथळ खळगा. नरम स्प्रिंग, कमजोर ठोका, पेटणार कसं? सरळ हिशेब. त्यानं जुनी स्प्रिंग परत बसवली आणि दोघं दुकानामागं गेले. तिथं वाळूची पेटी होती. तिच्यापुढे कोरा पुठ्ठा लावून त्यावर काळा ठिपका काढला. प्रफुल्लनं ताजं काडतूस भरून नेम धरला. ताराचंदनं कानांवर हात ठेवले.

टक्.

बार उडाला नाही तर लगेच रिव्हॉल्व्हर उघडायचं नसतं. दारू कधी कधी उशिरा पेटते, म्हणून नळी निशाणाकडेच धरून थांबायचं. प्रफुल्ल थांबला. ताराचंदनं कानांवरचे हात काढले, पुन्हा ठेवले. काहीच झालं नाही. काडतूस काढलं तर या वेळी खळगा चांगला खोल होता. गोळी जागच्या जागी. त्यानं ते वाळूच्या बादलीत ठेवलं आणि दोघं पुढे चहाला बसले.

परत आले तेव्हा ठिपक्याच्या कडेला भोक होतं.

"आधीचं असन," ताराचंद म्हणाला.

"पुठ्ठा आत्ता खोक्यातून फाडलाय."

प्रफुल्लनं पेटीतली वाळू चाळली. गोळी मिळाली, नळीतून गेल्याच्या खुणा अंगावर घेतलेली, अजून कोमट. बादलीतलं काडतूस अख्खं होतं, आपल्या गोळीसकट. त्यानं ते तराजूत घातलं. नव्या काडतुसाइतकंच भरलं. त्यानं तराजू पुसला आणि पुन्हा वजन केलं. तराजूवर संशय घेतला तर कुणाला वाईट वाटत नाही.

दुसरं काडतूस. पुन्हा टक्. तसाच थांबून त्यानं रिव्हॉल्व्हर उघडलं. मग पुठ्ठा काढून आत नेला, लोखंडी कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. पेटीपुढे दुसरा पुठ्ठा टांगला. ताराचंदनं डबा उघडला, वांग्याची भाजी दोघांनी खाल्ली.

जेवण झालं, हात धुतले, तरी पेटीपुढचा पुठ्ठा कोराच. प्रफुल्लला जरा बरं वाटलं. मग त्यानं कपाट उघडलं.

आतल्या पुठ्ठ्याला दुसरं भोक पडलं होतं. गोळी तेलाच्या बाटलीला टेकून पडली होती. कपाटाच्या पत्र्यावर ओरखडा नव्हता.

"म्हणजे ज्याच्यावर धरलं..." ताराचंद म्हणाला.

"हो."

"ते कुठंही नेलं तरी?"

प्रफुल्लनं कपाट लावलं.

"याले पयल्यापेक्षा वेळ जास्त लागला," ताराचंद हळूच म्हणाला. "मंग घरचा बार अजून..."



"वहिनींना घेऊन या," प्रफुल्ल म्हणाला. लगेच त्याला वाटलं, इथं आणून करायचं काय?

"नाई तर कुठं नेऊ तिले? तुमी सांगा."

"मला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी शोभाबाई गाडीतून उतरली ती तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊनच. ठणठणीत होती. दुकानाच्या पायरीशी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

"भाऊ, यायले जरा समजावा. कालपासून मले एका जागी बसू देत नाईत. या खोलीतून उठ, त्या खोलीत बस. रातभर उशाशी बसून होते. एवढं तर लग्न झालं तेव्हाही नाई बसले."

"वहिनी, त्या दिवशी बार उडाला नाही, तेव्हा..."

"नाई काऊन? उडाला ना."

ताराचंद तिच्याकडे बघत राहिला.

"केवढा आवाज झाला," ती म्हणाली. "यायले काऊन नाई आला, देव जाणे. पण लय दूर झाला, वावराच्या पल्याड. मंग बारीक गुणगुण सुरू झाली. भुंग्यावानी. रोज जराशी जवळ येते."

"आता कुठं आहे?"

तिनं मान किंचित कलती करून रस्त्याच्या दिशेनं ऐकलं.

ताराचंद पुढे झाला आणि तिच्या व रस्त्याच्या मध्ये उभा राहिला. अंगानं भरलेला माणूस. ती त्याच्यामागे झाकून गेली.

"सरका न बाजूले," ती म्हणाली. "तुमी नका येऊ मधात. मले पाहू द्या."

तिनं त्याला दंडाला धरून हलकेच बाजूला केलं. शेंगांची पिशवी पायरीवर ठेवली. बांधावर भुंगा आडवा आला की बायका वाट देतात, तशी ती डावीकडे सरकली.

मग उजवीकडे.