दोन शियासों, एक फाईल

दुपारची तुकडी कॉम्प्युटरच्या खोलीकडे आली, तेव्हा सकाळच्या तुकडीतली ओदील दारातच उभी होती. बाहेर पाऊस आणि बर्फ यांच्या मधलंच काहीतरी पडत होतं. आत शिरणाऱ्या प्रत्येकाला ती अडवत होती.

"आडनाव शियासों?"

"हो," बहुतेक जण म्हणत. या किनाऱ्यावर दगड उचलला तरी खाली एखादा शियासों निघतो.

"नाव 'ओ'वरून?"

ओल्या केसांचा एक उंच मुलगा थबकला. "ओक्ताव. का गं?"

"तू माझी फाईल खाल्लीस."

"मी सकाळपासून फक्त पाव खाल्लाय."

ओदीलनं त्याला स्क्रीनसमोर उभं केलं. यंदाच शहरातून आलेल्या मर्सिए सरांचा नियम होता... फाईलचं नाव म्हणजे आडनाव आणि नावाचं पहिलं अक्षर, बास. दोन्ही तुकड्यांचं शेवटचं काम एकाच फोल्डरमध्ये ठेवायचं. शुक्रवारी ओदीलनं खाडीच्या पाण्याच्या तापमानाचा तक्ता ठेवला होता, आलेखांसकट. आणि आता त्याच नावाखाली, भडक जांभळ्या रंगात, लॉबस्टरच्या पिंजऱ्यांचा हिशेब होता.

"कॉम्प्युटरनं तुला विचारलं नाही? या नावाची फाईल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का म्हणून?"

"विचारलं असेल... मी नेहमी 'हो' दाबतो. 'नाही' म्हटलं की तो आणखी प्रश्न विचारतो."

ओदीलला हसू येत होतं, म्हणून ती जास्तच चिडली.

"घरी कॉपी असेल ना?" त्यानं हळूच विचारलं.

"घरी कॉम्प्युटर असता तर हा कोर्स कशाला घेतला असता?"

या कोर्सवर तिचं सगळं अडलं होतं. पास झाली तरच सप्टेंबरात बोटींवरचं रडार दुरुस्त करायला शिकवणाऱ्या वर्गात जागा मिळणार होती. नाहीतर खेकड्यांच्या कारखान्यात, आईशेजारी, पुन्हा तोच सरकता पट्टा. 'मी तिथे परत जाणार नाही,' असं तिनं सगळ्या काकांसमोर जेवणाच्या टेबलावर सांगून टाकलं होतं. काका हसले होते.

मर्सिए सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

"फाईल नाही, तर गुण नाहीत."

"चूक तुमच्या नियमात आहे, सर. इथे निम्म्या वर्गाचं आडनाव एकच आहे."

"हाच नियम मी सगळीकडे लावला. कधी अडचण आली नाही. आणि तुला काय, कारखान्यात भरती सुरू झालीच असेल."

तेवढ्यात एका कीबोर्डचा आवाज झाला.

"सर," ओक्ताव म्हणाला, "आता माझीही फाईल नाही."

"म्हणजे?"

"पुसली."

"मग काढ परत, कचऱ्याच्या टोपलीतून."

"निघत नाही. सर्व्हरवरचं पुसलं की गेलंच, असं तुम्हीच शिकवलंत. मला नीट कळलेली तेवढी एकच गोष्ट."

मागे कुणीतरी खुर्ची पुढे ओढली आणि स्वतःचीही फाईल पुसायला माऊसवर हात ठेवला. मग शेजारच्यानं. सरांनी त्या हातांकडे पाहिलं.

"थांबा," ते म्हणाले. "शुक्रवारी. दोघंही. माझ्यासमोर, कोऱ्या पानापासून."

बाहेर आल्यावर ओदीलनं त्याला गाठलं. "असं का केलंस?"

"तुझी न बघता पुसली होती. ही बघून पुसली."

"स्वतःला फार शूर समजू नकोस. तुझ्या तक्त्यात एकही सूत्र नव्हतं. बेरजा कशा केल्यास?"

"फोनवर. मग आकडे इकडे टाकले."

"मग कॉम्प्युटर काय करत होता?"

"बघत बसला होता."

त्या आठवड्यात ती त्याच्या शेजारी बसू लागली. "आधी बरोबरचं चिन्ह," ती सांगायची, आणि त्याचं बोट योग्य चौकोनावर नेऊन ठेवायची... जरुरीपेक्षा किंचित जास्त वेळ. पहिली बेरीज आपोआप आली, तेव्हा त्यानं एक आकडा बदलून पाहिला, मग आणखी एक. बेरीज बदलत राहिली. तो लहान मुलासारखा हसला, आणि ओदीलचं तापमानाच्या तक्त्यात लक्ष लागेना.

"आजीला विचारलं मी," गुरुवारी तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. "आपलं नातं लागत नाही. निदान पाच पिढ्या तरी."

"तू आजीला का विचारलंस?"

"उगाच." त्याचे कान लाल झाले. "सोयीचंही आहे म्हणाली. आडनाव बदलायला नको."

"आधी सरासरी काढ," ओदील म्हणाली. पण तिचे स्वतःचे आकडे त्यानंतर दोनदा चुकले.

शुक्रवारी तिचं काम वेळेआधी झालं. फाईलला नाव द्यायची वेळ आली, तेव्हा ती क्षणभर थांबली. गावात कुणी कुणाला आडनावानं ओळखत नाही. बाप आणि आजा सांगितला की माणूस कळतो. तिनं टाइप केलं... लेआंद्रच्या जेरारची ओदील. कॉम्प्युटरनं काही न विचारता ठेवून घेतलं. शेजारी ओक्तावनं तिच्याकडे पाहिलं आणि आपल्या आज्याचं आणि बापाचं नाव टाइप करायला घेतलं.

"हे नियमात नाही," सर म्हणाले. "गुण कापीन."

"कापा, सर. उरतील ते पुरतील मला."

सरांनी तिथेच एकेक सूत्र तपासलं. कापायचे ते गुण कापले. उरलेले तिला पुरले, ओक्तावला जेमतेम.

वर्ग सुटल्यावर दोघं धक्क्यावर आली. तिथे लॉबस्टरच्या हंगामाची तयारी चालली होती. तिचे थोरले काका पिंजऱ्यांच्या तरंगत्या खुणांना नारिंगी रंग देत बसले होते.

"काय गं," त्यांनी लांबूनच विचारलं, "सोमवारपासून कारखाना ना?"

"नाही, काका. सप्टेंबरपासून रडार." आणि सगळ्या धक्क्यासमोर तिनं ओक्तावचा हात धरला.

काकांचा ब्रश थांबला. "हा कोण?"

"माझा आहे."

"कधीपासून?"

ओदीलनं ओक्तावकडे पाहिलं. याबद्दल त्याच्याशी कधी बोलणंच झालं नव्हतं. त्यानं बोटं तिच्या बोटांत घट्ट गुंतवली.

"आत्तापासून," तो म्हणाला.

काकांनी दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग हातातला ब्रश त्याच्यापुढे धरला.

"एक हात मोकळा आहे ना? मग लाव रंग."

ओक्तावनं डाव्या हातानं ब्रश घेतला. उजवा तिनं सोडलाच नाही.