उतरवलेला दोर

"तीन वाजता सुनावणी हाय, आन् आमची विहीर खारी ठरलीय!" अंबिका भोईर खुर्चीत न बसताच म्हणाली. नवऱ्याचं सुतक फिटायच्या आत ती घराबाहेर पडून पूनम सागर भागातल्या या ऑफिसात आली होती.

खासगी गुप्तहेर संचिता राणेने तिला पाणी दिलं.

"मग पुन्हा तपासून घ्या ना पाणी," संचिताचा मदतनीस निकेत म्हणाला.

"अहवालाला आठवडा लागतो," संचिता म्हणाली. "आणि राज्याचा नियम असा, की पिण्याची चालू विहीर असेल तर तिला लागून डेटा सेंटर बांधता येत नाही. खारी ठरली, की परवानगी पक्की."

"पाणी गोड हाय, ताई! आमाला दुसरं पाणीच न्हाय." अंबिकेला रडू आवरेना. "गावदेवीची विहीर, पंपसुद्धा बसवत न्हाय आमी. हे गेले तवा दीर पंढरीनाथनीच दोर उतरवून माझ्याकडं दिला. गावात मयत झालं की तेराव्यापर्यंत विहिरीला कोनी हात लावत न्हाय."

डेटा सेंटरसाठी जमीन मिळवून देणारा दलाल दिपेश त्यांना हाटकेश भागातल्या त्याच्या ऑफिसात भेटला. "मॅडम, मी काय करणार? गाववाले बाहेरच्याला कठड्याजवळ फिरकू देत नाहीत."

पाहणी अधिकाऱ्यानेही तेच सांगितलं. "बाटली पंढरीनाथनी भरून आणली. मी सील केली. त्यांचा भाऊ आदल्याच दिवशी वारला होता, तरी बिचारे आले."

"दिपेशनेच विहिरीत मीठ टाकलंय!" निकेत रिक्षात म्हणाला. त्याचं घोडं नेहमी पहिल्याच दारात अडायचं. संचिताने घड्याळ पाहिलं. हातात जेमतेम तासभर उरला होता.

सुनावणीला सगळं गाव आलं होतं. संचिताने पंढरीनाथला विचारलं, "नमुना विहिरीतूनच काढलात?"

"व्हय."

"दोर वहिनींच्या घरी होता."

"दुसरा व्हता," तो म्हणाला. गावकऱ्यांत कुजबुज झाली.

"म्हणजे भाऊ गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, स्वतः दोर उतरवून, तुम्हीच विहीर बाटवलीत. नाहीतर नमुना खोटा आहे. दोन्हीपैकी एकच खरं असू शकतं."

अंबिका उठली. "भाऊजी, त्यांची राखसुद्धा थंड झाली नव्हती."

"न्हाय, वयनी!" पंढरीनाथ ओरडला. "भावाच्या सुतकात मी विहिरीला हात लावीन? मिठागराच्या चरातलं पाणी भरलं मी! दिपेश शहरात, इंद्रलोक वसाहतीत घर देतो म्हनाला..."

गाव विकायला तो तयार झाला होता. सुतक मोडायला मात्र त्याचा हात धजला नव्हता. परवानगी तिथेच थांबली.

तेराव्याला दोर बांधायचा मान दिराचा. पण दोर अंबिकेने स्वतः बांधला, घागर ओढली आणि पहिला पेला पंढरीनाथपुढे धरला.

"चाखा, भाऊजी. खारं हाय का?"

पेला त्याने हातात घेतला. तो ओठांपर्यंत काही गेला नाही.