फाईल फोटोतले पाय

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. यातला एकही शब्द पदरचा नाही.

गेल्या वर्षीच्या एका मंगळवारची दुपार. पावणेतीन वाजले होते. वर्तमानपत्राच्या कचेरीत मी शहराचं पान लावत बसलो होतो. फोन वाजला.

"तो फोटो काढून टाका हो," एक बाई म्हणाली. "माझ्या वडिलांचे पाय आहेत ते."

मी लगेच ओळखलं. शवागाराची बातमी आली की आम्ही तोच फोटो लावायचो. पांढरी चादर, खाली दोन पाय, अंगठ्याला चिठ्ठी. मृतदेहांची हेळसांड होवो, अदलाबदल होवो, बातमी कुठलीही असो, पाय तेच. कुणाचे, ते कधी कुणी विचारलंच नाही.

"डाव्या पायाची करंगळी वाकडी आहे. बघा."

बघितली. वाकडी होती.

"तुम्ही छापलेत की त्या दिवशी ते घरी येतात."

"कोण, वडील?"

"नाही... पाय."

मला हसू आलं. खोटं कशाला बोलू?

"जिन्यात वाजतात... दाराशी येऊन थांबतात. आई उघडायला धावते. म्हातारी आहे, दोनदा पडली. बाहेर नुसते पाय असतात, घोट्यापर्यंत. तेवढेच छापता ना तुम्ही."

ती रडत नव्हती. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मी तो फोटो कायमचा काढून टाकला. पण पान तासाभरात छपाईला जायचं होतं, बातमी शवागाराचीच होती आणि चौकट रिकामी.

आमच्या फोटोग्राफरला सगळे फ्लॅशकाका म्हणतात. ते म्हणाले, "कुणाच्या घरचं माणूस कशाला? तूच झोप टेबलावर. जिवंत माणसाचे पाय, म्हणजे तक्रार नको नि काही नको."

बूट-मोजे काढून मी आडवा झालो. काकांनी चादर टाकली, अंगठ्याला चिठ्ठी बांधली.

"हलू नकोस रे. मेलेली माणसं शिस्तीची असतात."

सगळे हसले. चादरीखाली मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. अकराच्या सुमारास बायकोचा फोन.

"परत कशाला आलात? आणि अनवाणी?"

"मी कचेरीत आहे."

"मग जिन्यात..."

"दार उघडू नकोस," मी म्हणालो.

मग ती हळूच म्हणाली...

"उघडलं."

काय दिसलं, ते तिनं आजवर सांगितलेलं नाही.

मी फोटो त्याच दिवशी काढला. पण तोवर तो आमच्या वेबसाइटवरून दहा जणांनी उचलला होता. आता कुठलंही शवागार असो, कुठलीही बातमी असो, वर माझे पाय. मी सगळ्यांना पत्रं लिहिली. पण माझं कोण ऐकतंय?

महिन्याभरानं त्या बाईचा फोन आला होता. "आई आता शांत झोपते," म्हणाली. "दाराशी कुणी येत नाही म्हणून जरा रुसलीय, एवढंच." मला तिचा राग आला. का, ते माझं मलाच कळलं नाही.

बायको आता फोन करत नाही. संध्याकाळी दार उघडते आणि आधी खाली बघते. मग मला खुर्चीवर बसवते, माझे मोजे काढते, पाय हातात धरते.

परवा तिनं ते फार वेळ धरून ठेवले.

"गरम आहेत ना गं?" मी विचारलं.

ती नुसती चोळत राहिली.