मातृभाषा दाराबाहेर

"ताई, गोड बातमी! उद्यापासून मी तुझा विद्यार्थी!"

धाकट्या भावाने हे जाहीर केलं तेव्हा ताईच्या हातात त्याच्यासाठी झाकून ठेवलेलं ताट होतं. ते तिने टेबलावर जरा जोरातच ठेवलं. वेळेवर येतो म्हणून सांगून हा माणूस सगळं अन्न निवल्यावर उगवला होता... आणि वर गोड बातमी!

"माझ्या वर्गात? या वयात? कशाला?"

"अगं, लेक तिकडे, नात तिकडे. ती चिमुरडी फोनवर तिकडच्या भाषेत चिवचिवते आणि मी नंदीबैलासारखा मान हलवतो. उन्हाळ्यात जायचंय मला त्यांच्याकडे. बाहेर कुठे शिकू? तू आहेसच की घरची!"

घरची! होय, ती घरचीच राहिली होती. त्या देशाची भाषा शिकवण्यात तिचा जन्म गेला, तिथल्या नद्या, पूल, स्टेशनं तिला तोंडपाठ होती, पण तो देश तिने पाहिला नव्हता. तरुणपणी तिथल्या विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊन बोलावलं, बॅगही भरून झाली, आणि त्याच आठवड्यात आईला अर्धांगवायूचा झटका आला. "थोडी थांब, मी बदली मागून घेतो, मग तू खुशाल जा," असं दूरगावी नोकरी करणारा भाऊ म्हणाला होता. बदली झाली नाही. आईला भरवण्यात, कुशीवर वळवण्यात वर्षं सरली. भाऊ आला तो आई गेल्यावर, आणि आल्यावर इतकं सुरेख रडला की शेजारी त्याचंच सांत्वन करत बसले! आई त्याला लाडाने गोडबोल्या म्हणायची, ते काही उगाच नाही. एवढ्या वर्षांत तो तिच्याशी हजार विषयांवर बोलला. पण 'ताई, माझ्यामुळे तुझं राहून गेलं' हे एक वाक्य त्याच्या तोंडून कधी आलं नाही. ती मात्र वेड्यासारखी त्या वाक्याचीच वाट पाहत राहिली...

वर्गातही त्याने गुण उधळलेच. उशिरा यायचा, गृहपाठ करायचा नाही, वर सगळ्यांना हसवायचा. दारावर ताईनेच पाटी लावली होती : 'छत्री आणि मातृभाषा दाराबाहेर ठेवावी.' गोडबोल्या छत्री तेवढी बाहेर ठेवायचा.

चौथा धडा होता 'जुने ओळखीचे पुन्हा भेटतात'. जोड्या करून एकमेकांची ख्यालीखुशाली विचारायची, नोकरीची, घरच्यांची. वर्गातली भावाची नेहमीची जोडीदार, एक नर्स, त्या दिवशी आली नव्हती. ताई चरफडत त्याच्यासमोर बसली.

"खूप दिवसांनी भेटलो!" पुस्तकात बघत त्याने त्या परक्या भाषेत सुरुवात केली. "तुम्ही काय काम करता?"

"मी शिक्षिका आहे."

"काम आवडतं?"

"आवडतं. पण काही विद्यार्थी उशिरा येतात."

वर्ग हसला. भाऊही हसला आणि त्याच तंद्रीत पुढचा प्रश्न वाचून गेला, "तुम्ही आमच्या देशात आला होता का?"

"नाही."

"का?"

उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं, हा तिचाच नियम होता. "माझी आई आजारी होती."

"तुम्हाला भाऊ आहे का?" प्रश्न छापलेलाच होता. तोंडातून निसटल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"एक आहे. त्याला काम होतं."

"ताई, तसं नाही गं," तो एकदम आपल्या भाषेत घसरला, "तेव्हा आमचे साहेब..."

"मातृभाषा दाराबाहेर!" ती कडाडली.

साहेब, अडलेली बदली, आजारी लेक... त्याच्या साऱ्या सबबी मातृभाषेत होत्या, आणि त्यांच्यासाठी परक्या भाषेत त्याच्याकडे शब्दच नव्हते! होते ते चार धड्यांचे, लहान मुलाचे शब्द.

"काम... नाही," तो अडखळत म्हणाला. "भाऊ घाबरतो. आई बोलत नाही. आई ओळखत नाही. भाऊ बघू शकत नाही. बदली... भाऊ मागत नाही. कधीच नाही." त्याच्या कपाळावर घाम आला होता. "बहीण घरी राहते. तो देश बहिणीचा. मी... मी घेतला."

मागच्या बाकावरचा विद्यार्थी, एक आचारी, भराभर पानं उलटत होता. "बाई, हे कितव्या पानावर आहे?"

"पुस्तकात नाही," ताई म्हणाली. बदली मागितलीच नव्हती! आणि मेल्याला हे कबूल करायला परकी भाषा लागली... वर्षानुवर्षं साठलेला संताप उसळून आला, पण समोर पुस्तक घट्ट धरून बसलेल्या त्या पिकल्या केसांच्या पोराकडे पाहता पाहता तो डोळ्यांवाटे वाहू लागला.

"'मला क्षमा कर'..." त्याने हलकेच विचारलं, "कसं म्हणायचं?"

"ते नवव्या धड्यात आहे."

"मग... आज?"

ताईने डोळे पुसले, आणि आजवर स्वतः कधीही न मोडलेला नियम भर वर्गात मोडला. "आज जेवायला ये घरी," ती मातृभाषेत खेकसली. "आणि उशीर केलास ना, तर ताट झाकून ठेवणार नाही, सांगून ठेवते!"

ती घरी पोचली तेव्हा गोडबोल्या तिच्या आधीच येऊन पायरीवर बसला होता. मांडीवर पुस्तक होतं, नववा धडा उघडलेला, आणि ओठ पुन्हा पुन्हा हलत होते...